नापास पुस्तकांचं कपाट

कुर्डुवाडी
२ डिसेंबर २०२४

श्री. गुरुशांत कलशेट्टी सर यांस,
सप्रेम नमस्कार.

मी प्रतिक्षा बनसोडे, इथल्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. आपण एकदाच भेटलो आहोत, ऑगस्टमध्ये, शिवलीलाबाईंच्या मातीच्या दिवशी. तेव्हा कुणाला ओळखण्याच्या अवस्थेत तुम्ही नव्हता. बाईंनी मला शाळेत विज्ञान शिकवलं आणि नंतर वाचनालयात पुस्तकं कशी लपवून ठेवायची तेही शिकवलं, म्हणजे आवडती पुस्तकं आधी आपल्याला मिळतात. तुमच्याकडे मोबाईल नाही आणि घरचा फोन तुम्ही उचलत नाही असं त्या सांगायच्या. म्हणून हे पत्र.

बाईंच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या नावानं वाचनालयाला एक लोखंडी कपाट दिलं आहे. त्यात बाईंना आवडायची तसलीच पुस्तकं ठेवायची असं ठरलंय, म्हणजे विज्ञानकथा, विज्ञानकादंबऱ्या आणि माहितीपर पुस्तकं. पुस्तकं त्यांच्या थोरल्या भावानं निवडावीत असा कार्यकारिणीचा ठराव आहे. १२ एप्रिलला, बाईंच्या वाढदिवशी, कपाट उघडायचं. तोपर्यंत ते भरलं नाही तर अध्यक्ष त्यात स्पर्धा परीक्षांची गाइडं लावणार आहेत. तसं त्यांनी मला दोनदा ऐकवलंय.

पहिली चार पुस्तकं मंजुनाथबरोबर पाठवते. तो तुमच्या गल्लीतून रोज पासावर इथल्या रेल्वेच्या वर्कशॉपला येतो आणि बाईंची पिशवीही तोच न्यायचा, हे तुम्हाला माहीतच आहे.

आणखी एक. ‘बियाण्याचं जहाज’ ही कादंबरी जुलैपासून बाईंच्या नावावर आहे. ती तुमच्याकडे असेल तर परत पाठवावी. पुस्तक जमा झाल्याशिवाय सभासदाचं खातं बंद करता येत नाही.

आपली,
प्रतिक्षा बनसोडे

---

सोलापूर
९ डिसेंबर २०२४

श्रीमती बनसोडे यांस,
शरणु शरणार्थी.

माझ्या बहिणीच्या विद्यार्थ्यांनी लोखंडी कपाट दिलं हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. तिनं त्यांना गुरुत्वाकर्षण शिकवलं, त्यांच्या लक्षात वजन तेवढं राहिलं. तुमच्या कार्यकारिणीनं ठराव केला हे तर फारच झालं. ठराव करणारांपैकी एकानं तरी यातलं एखादं पुस्तक उघडलं असेल, तर मी माझी मिशी उतरवीन. पण काम शिवूच्या नावाचं आहे, म्हणून करतो.

तुमची चार पुस्तकं मंजुनाथनं आणली. पिशवी ठेवता ठेवता म्हणाला, “अण्णा, लई जड हाय हो.” मी म्हटलं, वजन कागदाचं आहे, आत काही नाही. दोन वाचली आणि म्हणणं खरं निघालं.

‘लाल मातीचे वारसदार’ ही मंगळावरच्या वसाहतीची कादंबरी. लेखकानं मुखपृष्ठावर स्वतःला अभियंता म्हणवलं आहे. त्यानं बांधलेल्या पुलावरून मी जाणार नाही. पहिल्याच प्रकरणात नायिका हेल्मेट घालून मंगळाच्या जमिनीवर उतरते आणि तिच्या कपाळावरच्या बटा तिथल्या वाऱ्यावर भुरभुरतात. हेल्मेटच्या आत वारा कुठून आला, हे लेखकाला विचारायची सोय नाही. पुढं त्यांना बर्फ सापडतो आणि दोनच प्रकरणांत प्रत्येक घरी चोवीस तास नळ. मी हे सोलापुरात बसून वाचत होतो. इथं पाणी काही दिवसांआड येतं आणि येतं तेव्हा सगळी गल्ली हातातली कामं टाकून पळते. आमच्या महानगरपालिकेला मंगळावर पाठवा, म्हणजे वसाहतवाल्यांना कळेल जगणं काय असतं. ही माणसं गोळ्या खाऊन राहतात, कारण म्हणे प्रवासात टिकणारं अन्न अजून सापडलेलं नाही. सौ. सुंदरम्माच्या कडक भाकऱ्या दोन महिने डब्यात राहतात. शेंगाची चटणी बरोबर दिली तर शनीपर्यंत जाता येईल.

दुसरं ‘उद्याचा कालचा माणूस’. एक इंजिनिअर यंत्रात बसून सोळाव्या शतकात जातो. तिथला पाथरवट त्याला म्हणतो, “मला तुमचा दृष्टिकोन पटतो.” पुढं वाचायची इच्छा राहिली नाही, तरी वाचलं. पुढं त्या पाथरवटाची बायकोही तसंच बोलते.

दोन्ही नापास. कारणं चिठ्ठ्यांवर लिहून त्या त्या पुस्तकात ठेवली आहेत. रोज पान फाडायच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची माझी सवय आहे, शिवूलाही तशाच पाठवायचो. उरलेली दोन वाचून कळवतो.

तुम्ही म्हणता ते पुस्तक घरात बघतो. घरात पुस्तकं पुष्कळ आहेत.

गुरुशांत कलशेट्टी

---

कुर्डुवाडी
६ जानेवारी २०२५

माननीय सर,
सप्रेम नमस्कार.

पुस्तकं मिळाली. मागून पाठवलेलं मुंग्यांचं पुस्तकही मिळालं, चौथं सवडीनं पाठवा. अनुवादकानं मुंगीला “सदर व्यक्ती” म्हटलंय, हे तुमच्या चिठ्ठीमुळे कळलं आणि मी टेबलावर डोकं ठेवून हसले.

एक गोष्ट घडली आहे, ती तुमच्या कानावर घालणं भाग आहे. देणगी म्हणून आलेल्या पुस्तकात सुटा कागद सापडला तर तो हरवू नये म्हणून आम्ही पहिल्या पानावर खळीनं चिकटवतो. ही पद्धत बाईंनीच घालून दिली. एकदा एका पुस्तकात कुणाची तरी जन्मवेळ लिहिलेला कागद सापडला होता, तेव्हापासून. मी सुट्टीवर होते. आमच्या काशम्मामावशींनी तुमच्या चिठ्ठ्याही तशाच चिकटवल्या, अगदी तारखेच्या चिठ्ठीच्या वर, आणि पुस्तकं नव्या पुस्तकांच्या मांडणीवर ठेवली.

मी परत आले तर तिन्ही बाहेर गेली होती. मंगळाच्या कादंबरीला नंबर लागले आहेत. एक सभासद काउंटरवर येऊन म्हणाले, “ते शिव्या दिलेलं पुस्तक हाय का?” मी विचारलं कोणतं, तर म्हणाले कुठलंही चालेल.

राग मानू नये. आणखी दोन पुस्तकं पाठवते. कपाटासाठी अजून एकही पुस्तक पास झालेलं नाही आणि अध्यक्षांनी काल कपाटाची उंची मोजली. गाइडं उभी मावतात का ते बघत होते.

‘बियाण्याचं जहाज’ सापडलं का?

आपली,
प्रतिक्षा बनसोडे

---

सोलापूर
२० जानेवारी २०२५

श्रीमती बनसोडे यांस,

माझ्या चिठ्ठ्या खासगी होत्या. त्या बाजारात मांडायला मी तुम्हाला दिल्या नव्हत्या. ताबडतोब फाडून काढा. काशम्मामावशींना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्या हातातली खळ काढून घ्या.

मला लोकांनी वाचल्याचं दुःख नाही. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, माझं कुणी ऐकत नाही याची सवय आहे. दुःख याचं आहे की ज्या पुस्तकाला मी नापास केलं ते तुमचे सभासद रांग लावून नेतात. मी एखाद्या हॉटेलात माशी दाखवली तर तुमचं गाव तिथं जेवायला जाईल.

इथं गड्ड्याची यात्रा चालू आहे. पाळण्यांचे भोंगे दिवसभर वाजतात. त्या आवाजात ‘मेंदू जिंका, जग जिंका’ वाचलं. भोंग्यात अर्थ जास्त होता. लेखक दर पानावर सांगतो की अमेरिकेत एक संशोधन झालं. कुणी केलं, कुठं केलं, कधी केलं, काही नाही. आमच्या शेजारच्या तिप्पण्णाला सगळी बातमी “एकजण सांगत होता” या एकाच माणसाकडून मिळते, तो या लेखकाचा आतेभाऊ असावा. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी रिकाम्या ओळी सोडल्या आहेत, “इथे स्वतःचे विचार लिहा.” म्हणजे वाचकानं पुस्तक विकत घ्यायचं आणि लिहायचंही त्यानंच.

दुसरं पुस्तक म्हणजे यंत्रमानवाची कादंबरी. तो एका मुलीच्या प्रेमात पडतो, कविता करतो आणि शेवटी रडतो. मी यंत्रमागांच्या गावात वाढलो. यंत्राला मन असतं तर आमच्या पेठेतल्या मागांनी कधीच पगारवाढ मागितली असती. कविता तर इतक्या वाईट आहेत की त्या यंत्रानंच केल्या असाव्यात, एवढाच काय तो वास्तववाद.

मी वाचत असताना मोठ्यानं बडबडतो, असं आमच्या घरी म्हणतात. सुंदरम्मा स्वयंपाकघरातून ओरडली, “साकु माडरी,” म्हणजे पुरे करा. तिला वाटलं मी कुणाशी तरी भांडतोय. समोर कुणी नव्हतं.

माझा निर्णय लिहून घ्या. शिवूच्या नावाच्या कपाटात ठेवण्याच्या लायकीचं पुस्तक मला सापडलेलं नाही. वाईट पुस्तकांनी भरण्यापेक्षा ते रिकामं राहू द्या. चिठ्ठ्या काढल्याचं कळवा. कुणी वाचल्या त्यांची नावंही कळवा.

गुरुशांत कलशेट्टी

---

कुर्डुवाडी
१७ फेब्रुवारी २०२५

माननीय सर,

चिठ्ठ्या निघत नाहीत. काशम्मामावशींची खळ गव्हाच्या पिठाची आहे, चिठ्ठी ओढली तर पान फाटतं. आणि खरं सांगायचं तर आता मला त्या काढायच्याही नाहीत, कारण त्यांच्याखाली लोक उत्तरं लिहायला लागले आहेत. पुस्तकात लिहिणाऱ्याला आम्ही दंड करतो. यांना केला नाही.

नावं देणार नाही, पण मजकूर देते. मंगळाच्या पुस्तकात एकानं लिहिलंय, “लिहिणाऱ्याला जेवण वेळेवर मिळत नसावं.” त्याखाली दुसऱ्यानं, “कडक भाकरीचं पटलं.” एकाचं नाव मात्र सांगते, कारण त्यांनी स्वतःच मोठ्या अक्षरात सही केली आहे. रिटायर गार्ड ज्ञानबा. ‘उद्याचा कालचा माणूस’मध्ये त्यांनी लिहिलंय, “गाडी लेट झाली की आमी रोजच मागच्या वेळंत जात हुतो. त्यात यंत्र कशाला लागतंय. बाकी पाथरवट खोटा हाय हे बराबर.” ज्ञानबा आजवर वर्तमानपत्र सोडून काही वाचत नव्हते. आता विचारतात, सोलापूरच्या मास्तरचं नवीन काय आलं.

आता तुमच्या निर्णयाबद्दल. अध्यक्षांना मी तो सांगितलेला नाही. त्यांनी माझी वाट न बघता खालच्या दोन खणांत गाइडं लावली. काचेवर बाईंचं नाव रंगवून झालंय आणि नावाखाली ‘तलाठी भरती’. रोज सकाळी कुलूप उघडल्यावर मला तेच आधी दिसतं. तुम्ही आलात तर तुम्हालाही दिसेल. कपाट रिकामं राहत नाही सर. आपण भरलं नाही की दुसरं कुणीतरी भरतं.

मी लहान आहे, पण स्पष्ट लिहिते. बाई सांगायच्या की अण्णा सगळ्यांना नापास करतो, पण करतो ते शेवटचं पान वाचूनच. या वेळी तुम्ही निकाल आधी ठरवून पुस्तकं उघडताय असं मला वाटतं. कपाट भरलं म्हणजे बाई गेल्या हे कायमचं ठरलं, असं काही आहे का? त्या गेल्या आहेत सर. माझ्याही त्या कुणीतरी होत्या.

आणि ‘बियाण्याचं जहाज’ घरात शोधावं लागणार नाही. जुलैच्या शेवटी पिशवीत ते मीच भरलं होतं, बाईंनी गाठ मारली होती. ते तुमच्याकडेच आहे.

प्रतिक्षा बनसोडे

---

सोलापूर
८ मार्च २०२५

श्रीमती बनसोडे यांस,
शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला घेतलं की राग यायचा आणि राग आला की अक्षर बिघडतं. आता राग गेलेला नाही, पण अक्षर सुधारलं आहे.

पुस्तक माझ्याकडे आहे. पिशवीतच आहे. मंजुनाथनं ती आणून दिली, मी खुंटीला टांगली, म्हटलं रविवारी निवांत वाचू. रविवार यायच्या आत फोन आला. तो सुंदरम्मानं उचलला. पिशवीची गाठ अजून शिवूनं मारली तशीच आहे, कारण मी ती सोडलेली नाही.

तुम्हाला हा वेडेपणा वाटेल. मलाही वाटतो. म्हणून कारण सांगतो.

शिवू कुर्डुवाडीला नोकरीला गेली तेव्हापासून आमची ही रीत. ती पुस्तक पाठवायची, मी त्याची चिरफाड करून चिठ्ठी पाठवायचो, ती त्या चिठ्ठीची चिरफाड करायची. तिला सगळंच आवडायचं. उडत्या तबकड्या आवडायच्या, समुद्राखालची शहरं आवडायची. १९६१ साली माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला त्याच दिवशी आपण जन्मलो याचा तिला असा गर्व होता, जसं काही यान तिनंच सोडलं. एकदा, फार वर्षांपूर्वी, एक पुस्तक मला बरं वाटलं आणि मी तसं बोलायच्या बेतात होतो. तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं. म्हणाली, “अण्णा, ज्या दिवशी तू पुस्तकाला चांगलं म्हणशील, त्या दिवशी आपली पत्रं बंद. मग भांडायचं कशावर?”

ती हसत म्हणाली होती. मी मात्र ते धरून बसलो. त्यानंतर तिनं पाठवलेल्या पुस्तकांत काही चांगली होती, श्रीमती बनसोडे. चार-दोन तर फारच चांगली होती. मी ती सगळी नापास केली, आणि नापास करायला कारणं शोधताना माझी काय दमछाक झाली ते मलाच माहीत. वाईट पुस्तकाला शिव्या देणं सोपं असतं.

आता या पिशवीतलं पुस्तक उघडलं आणि ते वाईट निघालं, तर शिव्या कुणाला पाठवू? आणि चांगलं निघालं तर सगळंच आटोपलं. तिचं हे एकच पत्र माझ्याकडं उत्तराचं राहिलं आहे. म्हणून गाठ सोडत नाही. तिची फार आठवण येते. एवढं लिहिलं, पुरे.

कपाटाचं. ‘तलाठी भरती’ वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. माझा आधीचा निर्णय मी रद्द करतो. पुस्तकं मी निवडली तर कपाट रिकामंच राहील, हे तुम्ही बरोबर ओळखलं आहे. पण ते शिवूच्या नावाचं आहे, माझ्या नाही. मी नापास केलेलं एकही पुस्तक तिला आवडलं नाही असं कधी झालं नाही. तेव्हा मी जी जी नापास केली ती सगळी लावा, चिठ्ठ्यांसकट. शिवाय तिनं पूर्वी मला पाठवलेली तिची स्वतःची दोन पोती भरतील एवढी पुस्तकं इथं माळ्यावर आहेत. प्रत्येकात माझी चिठ्ठी आहे आणि बहुतेकांत तिचं उत्तर. ती चिठ्ठ्या परत पाठवायची, माझ्या चुकांना लाल शाईनं अधोरेखित करून. मंजुनाथ थोडी थोडी आणेल. काशम्मामावशींना खळ परत द्या.

गाइडं काढल्याशिवाय माझं एकही पुस्तक त्या काचेमागं जाणार नाही, हे अध्यक्षांना सांगा. गोड शब्दांत सांगू नका.

गुरुशांत कलशेट्टी

---

कुर्डुवाडी
२ एप्रिल २०२५

माननीय सर,
सप्रेम नमस्कार.

अध्यक्षांना सांगितलं. गोड शब्द शोधले, सापडले नाहीत. ज्ञानबा आणि आणखी काही सभासद त्या वेळी काउंटरपाशी उभे राहिले होते, मी बोलावलं नव्हतं. गाइडं पुन्हा जुन्या जागी गेली. अध्यक्षांनी सर्वांसमोर जाहीर केलं की कल्पना मूळ त्यांचीच होती.

मंजुनाथ रोज एक पिशवी आणतो आणि रोज मला ऐकवतो की रेल्वेनं त्याला हमालीचा भत्ता द्यायला हवा. वरचे तीन खण भरले. बाईंची लाल शाई बघून काशम्मामावशी मध्येच खळीचा ब्रश खाली ठेवतात आणि डोळे पुसतात, मग पुन्हा चिकटवायला घेतात.

सगळ्यात वरच्या खणात डावीकडे एका पुस्तकाची जागा मोकळी ठेवली आहे. मी मागत नाही. जागा आहे, एवढंच कळवते.

१२ तारखेला तुम्ही आणि काकू आलात तर बरं वाटेल.

प्रतिक्षा

---

सोलापूर
१० एप्रिल २०२५

श्रीमती प्रतिक्षा यांस,

मी येणार नाही. समारंभात लोक जे बोलतात ते छापलं जात नाही हे त्यांचं नशीब. तुमचे अध्यक्ष शिवूला ‘ज्ञानाची गंगोत्री’ म्हणतील आणि मला खुर्चीवर बसून ते ऐकावं लागेल. शिवाय ऊन असं आहे की दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. सुंदरम्मा येते आहे. ती मंजुनाथबरोबर सकाळच्या गाडीनं निघेल. तिला समोरच्या रांगेत बसवा आणि भाषण लांबलं तर तिला बोलू द्या, ती एका शब्दात थांबवते.

पुस्तक तिच्याबरोबर पाठवतो आहे.

तुम्ही जागा ठेवलीत आणि मागितलं नाहीत. त्यामुळं पंचाईत झाली. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. गाठ मला सुटेना, शिवूची गाठ नेहमीच आडमुठी. सुंदरम्मा कात्री घेऊन आली तर मी ओरडलो. शेवटी तिनंच नखांनी सोडवली. आत पुस्तकाशिवाय काही नव्हतं. मला वाटलं होतं दोन ओळी तरी असतील. नव्हत्या. ती आपणहून कधीच लिहून पाठवायची नाही, आधी माझी चिठ्ठी, मग तिचं बोलणं, हाच क्रम होता.

वाचलं. पिढ्यान् पिढ्या चालणारं एक जहाज दुसऱ्या सूर्याकडं निघालं आहे. लेखिकेनं जहाजाचा वेग एका ठिकाणी एक दिला आहे आणि पुढं दुसरा, याबद्दल तिला माझ्या वर्गात उभं केलं असतं. जहाजावर एक म्हातारा आणि एक म्हातारी बियाणं राखतात. ते कसं साठवावं यावर त्यांचं भांडण होतं. ते चाळीस पानं चालतं. दोघंही एकमेकांना मूर्ख ठरवतात, कुणीच जिंकत नाही, आणि बियाणं मात्र टिकतं. शेवटी जहाज पोचतं, दार उघडतं, आणि बाहेर काय आहे ते न सांगता लेखिका थांबते. मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दोन वेळा वाचलेलं पुस्तक नापास करायला मला कारण सापडेना. शोधलं नाही असं नाही.

चिठ्ठी आत ठेवली आहे. फार मोठी नाही. तुम्ही बघालच, म्हणून इथंही लिहितो. “शिवू, पुस्तक चांगलं आहे.”

तिचं खातं बंद करा. नियम आहे तो.

गुरुशांत कलशेट्टी

---

कुर्डुवाडी
२८ एप्रिल २०२५

माननीय सर,
सप्रेम नमस्कार.

समारंभ झाला. अध्यक्ष ‘ज्ञानाची गंगोत्री’ म्हणाले नाहीत, ‘विज्ञानाची ज्ञानगंगा’ म्हणाले. अर्ध्या तासानंतर काकूंनी “साकु” म्हटलं आणि कपाट उघडलं. संध्याकाळपर्यंत दोन खण रिकामे झाले. लोक पुस्तक उघडून आधी चिठ्ठ्या वाचतात, बहीण-भावाचं भांडण वाचून झालं की मग पुस्तक घरी नेतात.

‘बियाण्याचं जहाज’ त्याच दिवशी बाईंच्या नावावरून जमा केलं. शिक्का मी मारला. खातं बंद केलं. शिक्का सरळ उमटला आहे, बघून घेतलं.

मग ते पुस्तक मी माझ्या नावावर घेतलं, आठवडाभर वाचलं आणि सर, मला माफ करा, पण इतकं कंटाळवाणं पुस्तक मी या नोकरीत क्वचित वाचलं असेल.

चाळीस पानं भांडण! तेही बियाणं डब्यात ठेवावं की कापडात, यावर. मी रेल्वेच्या गावात राहते. जहाज पिढ्यान् पिढ्या चाललंय आणि त्यावर एकही माणूस विचारत नाही की कधी पोचणार. इथं पॅसेंजर थोडी उशिरा आली तरी लोक स्टेशनमास्तरची खुर्ची हलवतात. म्हातारी प्रत्येक वाक्याआधी उसासा टाकते, मी मोजायचं सोडून दिलं. तरुण माणसं सगळी एकाच आवाजात बोलतात, तुमचा तो पाथरवट यांच्यापेक्षा बरा. आणि शेवट? दार उघडलं आणि पुस्तक संपलं. याला खोली म्हणत नाहीत, याला लेखिकेला पुढचं सुचलं नाही असं म्हणतात. तुमच्यासारख्या माणसाला हे कळू नये याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. मला वाटतं तुम्ही पुस्तक वाचलंच नाही, पिशवी वाचली.

हे सगळं एका कागदावर लिहून तुमच्या चिठ्ठीखाली चिकटवलं आहे. काशम्मामावशी म्हणाल्या, “लई कडक लिवलंस की गं.” मी म्हटलं, जास्त खळ लावा.

माझ्या मते पुस्तक नापास आहे.

प्रतिक्षा

---

सोलापूर
३ मे २०२५

चि. प्रतिक्षास,
आशीर्वाद.

तुला पुस्तक अजिबात कळलेलं नाही. बियाण्याचं भांडण डब्याचं नाही आणि कापडाचं नाही, एवढं तर शाळेतल्या पोरालाही समजलं असतं. शिवूनं तुला विज्ञान शिकवलं, वाचायला शिकवायचं राहिलं. शेवटाबद्दल तू जे लिहिलं आहेस ते वाचून मी मोठ्यानं ओरडलो आणि सुंदरम्मा पळत आली. तिनं विचारलं कुणाशी भांडताय. या वेळी मला नाव सांगता आलं.

पुस्तक मंजुनाथच्या पिशवीत परत पाठव. प्रत्येक मुद्द्याला पान काढून उत्तर देणार आहे. ते तुझ्या नावावरच राहू दे, घाईनं जमा करू नकोस. आणि पिशवीला गाठ सैल मार.

तुझा,
अण्णा